फ्लॅटच्या वायरिंगचा लोड कसा काढायचा: सॉकेटपासून मेनपर्यंत

घराचं काम निघालं की वायरमनशी पहिली बोलणी होतात ती पॉइंटची. हॉलला किती, किचनला किती, बेडरूमला पलंगाच्या दोन्ही बाजूंना की एकाच. रेटही पॉइंटवर ठरतो, त्यामुळे सगळ्यांचं लक्ष तिथेच. त्या पॉइंटला काय लागणार आणि ते कशाकशाबरोबर एकाच वेळी चालणार, हे सहसा कोणी विचारत नाही. मग मे महिन्यात रात्री तिसरा एसी सुरू झाला की मेन उडतो. हा बरा प्रकार. वाईट प्रकार म्हणजे मेन उडत नाही आणि भिंतीतली वायर वर्षानुवर्षं तापत राहते.

सॉकेटचा लोड काढताना दोन वेगवेगळे हिशेब करायचे असतात. पहिला एकेका सर्किटचा: डीबीतल्या (घरातल्या डिस्ट्रिब्युशन बोर्डातल्या) एका एमसीबीपासून, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप उडणाऱ्या स्विचपासून, निघून दोन-चार सॉकेटना जाणाऱ्या वायरचा. दुसरा मेनचा: मीटरपासून डीबीपर्यंतच्या केबलचा, मेन स्विचचा आणि वीज कंपनीने मंजूर केलेल्या भाराचा. पहिल्यात वाईटात वाईट धरून चालायचं, कारण सॉकेटमध्ये उद्या कोण काय खुपसेल ते आपल्या हातात नाही. दुसऱ्यात मात्र घरातल्या माणसांच्या सवयी धरायच्या, कारण घरातलं सगळं एकदम कधीच चालत नाही. एकाची रीत दुसऱ्याला लावली की गडबड होते: बारीक वायरीची सर्किटं आणि नको तेवढा मोठा मेन. बरीच घरं अशीच असतात.

हे सगळं वाचून स्वतः डीबी उघडू नका. कागदावरचा हिशेब तुमचा, हात लावायचं काम लायसन्सधारी इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरचं. वाढीव लोडच्या अर्जाला त्याचा टेस्ट रिपोर्ट लागतोच.

सॉकेटवरचा आकडा म्हणजे लोड नव्हे

आपल्याकडे दोन मापं: ६ अँपिअर आणि १६ अँपिअर. जुन्या बोर्डांवर हेच ५ आणि १५ म्हणून दिसतील. २३० व्होल्टला ६ अँपिअर म्हणजे १,३८० वॅट आणि १६ अँपिअर म्हणजे ३,६८० वॅट. ही त्या सॉकेटची सहनशक्ती झाली, तिथला लोड नव्हे.

आता उदाहरणाला एक घर घेऊ आणि शेवटपर्यंत तेच धरू. नेरुळमधला चौथ्या मजल्यावरचा टू बीएचके, दोन बाथरूम, घरात पाच माणसं. १६ अँपिअरचे १० सॉकेट आणि ६ अँपिअरचे २२. सॉकेटवरच्या आकड्यांची नुसती बेरीज केली तर ३६.८ आणि ३०.४, म्हणजे ६७ किलोवॅट होतात. २९० अँपिअरच्या वर. एवढा लोड एका फ्लॅटला कोणी मागितला तर वीज कंपनीचा माणूस आधी चहा मागवेल आणि मग विचारेल, कारखाना कुठे काढताय?

म्हणून सरकारी बांधकामांत एक ढोबळ रीत वापरतात. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या मानकांत ६ अँपिअरचा सॉकेट १०० वॅट आणि १६ अँपिअरचा १,००० वॅट धरतात. त्या रीतीने आपल्या घराचे सॉकेट १२.२ किलोवॅट झाले. वायरमन तोंडी सांगतो तो आकडाही बहुधा इथूनच आलेला असतो, फक्त त्याला ते माहीत नसतं.

ही रीत चुकीची नाही. पण ती सरासरी आहे, आणि सरासरी गर्दीला लागू पडते. घोडबंदर रोडवरच्या टॉवरमध्ये १२० फ्लॅटचा अंदाज काढायचा असेल, कुठे कोण राहायला येणार ते माहीत नसेल, तर १०० आणि १,००० धरणं शहाणपणाचं. तुमच्या एका घराला ती लावली तर इन्स्टंट गीझरचा सॉकेटही १,००० आणि वर्षातून दोनदा व्हॅक्यूम क्लीनर लागणारा सॉकेटही १,०००. तुमच्या घरात काय आहे ते तुम्हाला माहीत असताना सरासरीवर कशाला जायचं?

उपकरणांची यादी, स्टिकर वाचून

वही घ्या आणि घरभर फिरा. प्रत्येक उपकरणाच्या मागे किंवा खाली स्टिकर असतो, त्यावरचे वॅट लिहा. जे घ्यायचंय पण अजून घेतलं नाही तेही लिहा. एअर फ्रायर, डिशवॉशर, पुढच्या वर्षीचा दुसरा एसी. भिंत एकदाच फोडायची असते.

स्टिकर वाचताना तीन ठिकाणी फसगत होते.

एसीवर दोन आकडे असतात. एक नेहमीचा, एक कमाल. इन्व्हर्टर एसी थंड झाल्यावर खाली येतो म्हणून लोक छोटा आकडा धरतात. पण मेमध्ये दिवसभर बंद असलेली, भिंती तापलेली खोली आणि रात्री दहाला एसी लावला, तर पहिला अर्धा तास तो कमाल आकड्यावरच चालतो, आणि नेमका तेव्हाच घरातला बाकीचा लोडही चालू असतो. कमाल आकडा धरा. दीड टनाला साधारण १,६०० ते १,९०० वॅट, एक टनाला १,००० ते १,२००.

मायक्रोवेव्हवर ठळक अक्षरांत ८०० वॅट लिहिलेलं असतं, ते अन्नाला मिळणारे. तो भिंतीतून ओढतो १,२०० ते १,४००. बारीक अक्षरांत इनपुट शोधा.

तिसरी घरघंटी. तिच्यावर १ एचपी लिहिलेलं असतं आणि सगळे ७४६ वॅट धरतात. ती मोटरच्या दांड्यावरची ताकद. छोट्या सिंगल फेज मोटरमध्ये बरीच ऊर्जा उष्णतेत जाते, म्हणून विजेकडून १,००० ते १,१०० वॅट धरा. शिवाय सुरू होताना क्षणभर ती चालू करंटच्या पाच-सहा पट ओढते. चालताना ६ अँपिअर असतील तर सुरू होताना तिशीच्या पुढे. घरघंटी लावली की एमसीबी उडतो, अशी तक्रार असेल तर बहुतेक वेळा लोड जास्त नसतो. एमसीबी बी कर्व्हचा, म्हणजे क्षणभराच्या झटक्यालाही लवकर उडणारा असतो. बी कर्व्हचा १० अँपिअरचा एमसीबी ३० ते ५० अँपिअरच्या दरम्यान कुठेही झटक्यात उडू शकतो, सी कर्व्हचा त्याच मापाचा ५० ते १०० च्या दरम्यान. मोटर आणि कंप्रेसर असलेल्या सर्किटला सी कर्व्ह.

आपल्या नेरुळच्या घराची यादी अशी झाली:

हॉलचा दीड टन एसी १,८००, बेडरूमचे एक टनी दोन मिळून २,४००
गीझर: एका बाथरूममध्ये १५ लिटरचा २,०००, दुसऱ्यात ३ लिटरचा इन्स्टंट ३,०००
इंडक्शन शेगडी २,०००
ओटा: मायक्रोवेव्ह १,३००, इलेक्ट्रिक किटली १,५००, मिक्सर ७५०
फ्रिज, आरओ, चिमणी मिळून ४५०
हीटर असलेलं फ्रंट लोड वॉशिंग मशीन २,१००
इस्त्री १,००० आणि घरघंटी १,१००
टीव्ही, राउटर, लॅपटॉप, मोबाइलचे चार्जर मिळून ३००
दिवे आणि पंखे ४५०

बेरीज २०,१५० वॅट. ८७.६ अँपिअर. हा जोडलेला लोड झाला. मेनचा लोड अजून निघालेला नाही.

यादीकडे नीट पाहिलंत तर एक गोष्ट दिसेल. २२ छोट्या सॉकेटपैकी बहुतेकांवर मिळून जेमतेम ३०० वॅट आहेत. मोबाइलचा चार्जर, राउटर, टीव्ही हा लोड नावालाच. वजन सगळं तापवणाऱ्या आणि थंड करणाऱ्या उपकरणांत आहे. तेव्हा पलंगाजवळ सॉकेट दोन करायचे की चार यावर डोकं खपवण्यापेक्षा किटली कुठे लागणार याचा विचार करा.

सर्किटचा हिशेब: आधी वायर, मग एमसीबी

तांब्याची पीव्हीसी वायर भिंतीतल्या पाइपात असेल तर साधारण एवढं वाहते: १ स्क्वेअर एमएमची ११ अँपिअर, दीडची १३, अडीचची १८, चारची २४, सहाची ३१, दहाची ४२. वायरच्या बॉक्सवर किंवा कंपनीच्या तक्त्यात याहून मोठे आकडेही दिसतील, अडीचला २२ वगैरे. ते उघड्यावर, भिंतीवर क्लिप मारलेल्या वायरचे. आपल्याकडे सगळं कन्सील्ड, पाइप प्लास्टरच्या आत, उष्णता जायला जागा नाही. छोटा आकडाच धरायचा.

आणि तोही एका पाइपात एकच सर्किट असेल तर. दोन सर्किटं एकाच पाइपातून नेली की वायरची ताकद ८० टक्क्यांवर येते, तीन नेली की ७० टक्क्यांवर. झिरी मारायचा त्रास वाचावा म्हणून एका पाइपात तीन-तीन सर्किटं कोंबतात, ते बाहेरून कधीच दिसत नाही. अडीचची वायर १८ ची राहत नाही, तीन सर्किटांत ती १२.६ ची होते. तिच्यावर १६ चा एमसीबी बसवला तर तो वायरला वाचवत नाही, तो फक्त डीबीत दिसायला छान दिसतो.

एमसीबी आपल्या आकड्याला लगेच उडतो असा समज आहे. तसं नाही. मानकाप्रमाणे तो आपल्या मापाच्या १.१३ पटीला तासभर टिकायलाच हवा आणि १.४५ पटीला तासाभरात उडायला हवा. म्हणजे १६ चा एमसीबी १८ अँपिअरला शांत बसतो, आणि २३ ला उडायलाही तास घेऊ शकतो. २० चा २२.६ ला शांत बसतो. आता पाइपातली अडीचची वायर १८ ची, तिच्यावर २० चा एमसीबी, हा जोड घराघरांत दिसतो. मधल्या चार-साडेचार अँपिअरना राखणदारच नाही. म्हणून माझा नियम सोपा: दीडवर १०, अडीचवर १६ आणि तेही पाइपात एकटी असेल तर, चारवर २०. एकाच पाइपात दोन सर्किटं न्यावीच लागली तर चारची वायर १९ अँपिअरवर येते, तिच्यावरही १६ चाच एमसीबी.

एका सर्किटवर सॉकेट किती? सरकारी मानकांत राहत्या घरासाठी पॉवर सर्किटवर १६ अँपिअरचे जास्तीत जास्त दोन सॉकेट, आणि पॉवरला चारची वायर. दिव्या-पंख्यांच्या सर्किटवर ६ अँपिअरच्या सॉकेटसकट १० पॉइंट किंवा ८०० वॅट, जे आधी भरेल ते. बिल्डर लोक पॉवरला सर्रास अडीच टाकतात आणि एकट्या एसीला ती पुरते. तरी नवीन काम असेल तर मी चारच टाकायला सांगतो. फ्लॅटमागे वायरीत वाढणारा खर्च टाइल्सच्या निवडीत होणाऱ्या खर्चापुढे काहीच नसतो, आणि टाइल्स बदलता येतात.

आता आपल्या घराची सर्किटं पाडू.

ओट्यावर १६ अँपिअरचे दोन सॉकेट एका सर्किटवर. मायक्रोवेव्ह, किटली, मिक्सर एकदम चालले तर ३,५५० वॅट, १५.४ अँपिअर. चारची वायर स्वतंत्र पाइपातून, २० चा सी कर्व्ह एमसीबी. इंडक्शनला याच्यात घुसवायचं नाही, तिला वेगळं सर्किट. सकाळी एकीकडे चहा, दुसरीकडे चटणी, तिसरीकडे कालची भाजी गरम करणं चालूच असतं. ओट्याच्या बाबतीत "एकदम कोण लावतंय" हे वाक्य ऐकून घेऊ नका. लावतातच.

फ्रिज, आरओ आणि चिमणीला मिळून एक छोटं सर्किट. लोड ४५० च आहे, मग वेगळं कशाला? कारण मिक्सर जळला किंवा किटलीत पाणी गेलं आणि ओट्याचा एमसीबी उडाला, तर घर बंद करून गावाला गेलेल्यांचा फ्रिज चालू राहायला हवा.

दोन्ही गीझरना स्वतंत्र सर्किटं, फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा डबल पोल स्विच. इन्स्टंट गीझर ३,००० वॅटचा म्हणजे १३ अँपिअर. काही इन्स्टंट गीझर ४,५०० वॅटचेही येतात, ते १९.६ अँपिअर ओढतात. १६ च्या सॉकेटवर ते चालत नाहीत, त्यांना थेट जोडणी. घेण्याआधी स्टिकर बघा.

तिन्ही एसींना एकेक सर्किट. वॉशिंग मशीनला एक. इस्त्री आणि घरघंटीच्या सॉकेटला एक, २,१०० वॅट, १६ चा सी कर्व्ह. राहिले दिवे, पंखे आणि ६ अँपिअरचे सॉकेट: त्यांची तीन सर्किटं, दीडची वायर, १० चा एमसीबी. एकूण तेरा. तेव्हा डीबी घेताना बारा वे-चा, म्हणजे बारा एमसीबी मावणारा, पाहू नका. आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आणि मोकळी जागा धरून मोठा घ्या.

६ अँपिअरच्या सॉकेटबद्दल एक सांगायला हवं. त्यात १,३८० वॅटच्या पुढचं काही लावायचं नाही. बाजारात मोठ्या पिनचा प्लग छोट्या सॉकेटमध्ये बसवणारा कन्व्हर्जन प्लग मिळतो. त्याने बेडरूममध्ये १,५०० वॅटची किटली किंवा १,६०० ची स्टीम इस्त्री लावली जाते. १० चा एमसीबी काही बोलत नाही, कारण ७ अँपिअर त्याला मान्यच आहेत. तापतो तो सॉकेट. प्लग काढल्यावर पिना हाताला चटका देत असतील किंवा सॉकेटच्या भोकांभोवती प्लास्टिक तपकिरी झालं असेल तर वायरिंगला दोष देऊ नका. तिथे १६ चा पॉइंट हवा होता.

मेनचा हिशेब: घड्याळ बघून

आता दुसरी बेरीज. इथे सगळं एकदम धरायचं नाही. राष्ट्रीय विद्युत संहितेत यासाठी तक्ता आहे. सॉकेटच्या सर्किटांपैकी सर्वांत मोठ्याचा पूर्ण भार आणि बाकी प्रत्येकाचा ४० टक्के. दिवे-पंख्यांचा ६६ टक्के. पाणी तापवणाऱ्या पहिल्या दोन उपकरणांना सूट नाही.

आपल्या घराला लावून पाहू. सॉकेटच्या सर्किटांत सर्वांत मोठं ओट्याचं, ३,५५० पूर्ण. बाकीची: इंडक्शन २,०००, फ्रिज-आरओ ४५०, वॉशिंग मशीन २,१००, इस्त्री-घरघंटी २,१००, छोटे सॉकेट ३००, मिळून ६,९५०, त्याचे ४० टक्के २,७८०. गीझर ५,००० पूर्ण. दिवे-पंखे ३००. झाले ११,६३० वॅट, म्हणजे ५०.६ अँपिअर.

एसी यात नाहीत हे लक्षात आलं असेल. मुद्दाम. ठाणे-नवी मुंबईत दोन्ही गीझर आणि तिन्ही एसी एकाच तासाला चालले असं फारसं घडत नाही. गीझरचा जोर डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी, एसीचा एप्रिल-मेच्या आणि ऑक्टोबरच्या रात्री. जे एकमेकांना भेटत नाहीत त्यांतलं मोठं तेवढं धरायचं. गीझर ५,०००, एसी ४,२००, म्हणून गीझर.

तक्ता अनोळखी घरासाठी असतो. ओळखीच्या घरासाठी मी याच्या जोडीला वर्षातले तीन क्षण काढतो.

जानेवारीतली सकाळ, सात वाजता. दोन्ही गीझर, किटली, मिक्सर, फ्रिज, आरओ, थोडे दिवे. ७,८०० वॅट, ३४ अँपिअर.

मेमधली रात्र. तिन्ही एसी कमाल आकड्यावर, फ्रिज, टीव्ही, लॅपटॉप, दिवे-पंखे, आणि कोणीतरी उशिरा येऊन मायक्रोवेव्हमध्ये जेवण गरम करतंय. सुमारे ६,३०० वॅट, साडेसत्तावीस अँपिअर.

आणि गणपतीची सकाळ. हा क्षण लोक विसरतात. पाहुणे आलेले, सगळ्यांच्या आंघोळी लांबलेल्या म्हणून १५ लिटरचा गीझर चालू. हॉलमध्ये माणसं म्हणून एसी चालू. गॅसच्या शेगड्या मोदकांनी अडवलेल्या, म्हणून भात इंडक्शनवर. मायक्रोवेव्ह, मिक्सर, फ्रिज, सगळे दिवे-पंखे, मखर आणि माळा. २,०००, १,८००, २,०००, १,३००, ७५०, २००, ४५०, २००. बेरीज ८,७०० वॅट, ३७.८ अँपिअर. यात किटली लागली की ४४ अँपिअरच्या वर.

सिंगल फेज, म्हणजे एकाच जिवंत वायरीवरच्या जोडणीची मर्यादा महाराष्ट्रात ४० अँपिअर आहे. तेव्हा या घराला थ्री फेज (तीन जिवंत वायरींची जोडणी) घ्यावा, हे माझं मत. काटकसर करून सिंगल फेजवर चालेल का? चालेल, इन्स्टंट गीझर काढला आणि किटलीवर पहारा बसवला तर. उलट नौपाड्यातल्या एखाद्या आजी-आजोबांच्या घरात एक एसी, एक साठवणीचा गीझर, टॉप लोड मशीन आणि स्वयंपाक गॅसवर असेल, तर सिंगल फेज भरपूर झाला. शेजाऱ्याने घेतला म्हणून थ्री फेज घेऊ नका, त्याचा स्थिर आकारही जास्त असतो.

थ्री फेज घेतला की फेज वाटणं आलं

नुसता थ्री फेज मीटर लावून उपयोग नाही. घरात तीन फेज आणि दोन्ही गीझर, इंडक्शन, ओटा सगळं एकाच फेजवर, हे मी पाहिलेलं आहे. आपल्या घराची वाटणी अशी करता येईल:

आर फेज: सगळं स्वयंपाकघर आणि एका बेडरूमचा एसी. ७,२०० वॅट, ३१.३ अँपिअर.
वाय फेज: इन्स्टंट गीझर, हॉलचा आणि दुसऱ्या बेडरूमचा एसी, दिवे-पंखे, छोटे सॉकेट. ६,७५० वॅट, २९.३ अँपिअर.
बी फेज: १५ लिटरचा गीझर, वॉशिंग मशीन, इस्त्री-घरघंटी. ६,२०० वॅट, २७ अँपिअर.

घरातलं झाडून सगळं एकदम चालू केलं तरी एकही फेज ३२ च्या पुढे जात नाही. ३२ अँपिअरचा फोर पोल मेन, म्हणजे तिन्ही फेज आणि न्यूट्रल एकदम तोडणारा, पुरतो. ओट्यावरचं सगळं एकाच फेजवर ठेवलंय ते मुद्दाम. हाताच्या अंतरावरच्या दोन सॉकेटमध्ये वेगवेगळे फेज आले तर त्यांच्यात ४०० व्होल्टचं अंतर असतं, आणि ओट्यावर पाणी सांडतंच.

थ्री फेजमध्ये न्यूट्रल (परतीची वायर) ढिला पडला तर एखाद्या फेजवर २३० ऐवजी ३०० च्या वर व्होल्टेज जाऊन टीव्ही, फ्रिज, राउटर एका झटक्यात जातात. डीबीत न्यूट्रलचे स्क्रू घट्ट आहेत ना, हे कामाच्या शेवटी तुमच्यासमोर तपासून घ्या. ओव्हर व्होल्टेजला तोडणारं प्रोटेक्शन बसवता आलं तर उत्तम.

मीटरपासून घरापर्यंत

मीटर तळमजल्यावरच्या मीटर रूममध्ये, घर चौथ्या मजल्यावर. डक्टमधून वळणं घेत केबल सहज २५ मीटर होते. समजा सिंगल फेजच ठेवला आणि ४० अँपिअरचा मेन आहे. सहाची वायर पाइपात ३१ अँपिअरची, म्हणजे ती तिथेच बाद. दहाची ४२ ची, ती चालते. व्होल्टेज किती पडतो? दहाच्या वायरचा रेझिस्टन्स किलोमीटरला सुमारे १.९ ओहम. जाऊन-येऊन ५० मीटर, ४० अँपिअर: ३.८ व्होल्ट, वायर तापल्यावर साडेचारच्या आसपास. २३० च्या दोन टक्के, ठीक. सहाच्या वायरवर हेच आठ व्होल्टपर्यंत जातं.

सिडकोच्या जुन्या इमारतींत आणि ठाण्यातल्या जुन्या सोसायट्यांत ही मेन बरेचदा मूळ बांधकामाचीच असते, कधी ॲल्युमिनियमची. आत लाखभर रुपयांचं नवं वायरिंग आणि बाहेर चाळीस वर्षांची मेन, यात अर्थ नाही. ती बदलायला सोसायटीची परवानगी लागते, म्हणून काम सुरू व्हायच्या आधी सेक्रेटरींना पत्र द्या. त्याच वेळी वीजबिल काढून मंजूर भार बघा. २ किंवा ३ किलोवॅट लिहिलेलं असेल आणि घरात तीन एसी लागणार असतील तर भारवाढीचा अर्ज करायचा. ठाणे-नवी मुंबईत तो महावितरणकडे जातो, कळवा-मुंब्रा-शीळ भागात टोरंट पॉवरकडे.

इलेक्ट्रिक गाडी घ्यायचा विचार असेल तर तिचा लोड घरच्या डीबीत घेऊच नका. १६ अँपिअरच्या पोर्टेबल चार्जरला ३.३ किलोवॅट सलग सहा-आठ तास लागतात आणि भिंतीवरच्या चार्जरला ७ किलोवॅटच्या पुढे. त्याला तुमचा ४० टक्क्यांचा नियम लागू होत नाही, तो रात्रभर शंभर टक्केच असतो. पार्किंगमधल्या त्या जोडणीसाठी सोसायटीशी आणि वीज कंपनीशी वेगळं बोलावं.

राहत्या घरात आजचा लोड मोजायचा असेल तर

मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी एका युनिटला किती लुकलुक तो आकडा छापलेला असतो, बरेचदा ३,२००. घड्याळ लावून मिनिटभरातली लुकलुक मोजा, ६० ने गुणा, त्या आकड्याने भागा. मिनिटाला ६४ आली तर ६४ गुणिले ६० भागिले ३,२००, म्हणजे १.२ किलोवॅट. घरातलं एकेक उपकरण चालू करून फरक बघत गेलात की स्टिकर नसलेल्या जुन्या उपकरणांचाही आकडा मिळतो. मीटरच्या डिस्प्लेवर आळीपाळीने येणाऱ्या आकड्यांत एमडी दिसला तर तोही टिपा, तो त्या महिन्यातला तुमचा सर्वांत मोठा लोड. वरच्या तीन क्षणांच्या बेरजेशी तो ताडून बघा. इलेक्ट्रिशियनकडे क्लॅम्प मीटर असतो, त्याने डीबीतल्या प्रत्येक वायरचा करंट वेगळा मोजता येतो. सकाळच्या गीझरच्या वेळेला आणि रात्रीच्या एसीच्या वेळेला, असं दोनदा मोजून घ्या.

दुकान किंवा ऑफिस असेल तर हिशेब याहून सोपा. लोक एकाच वेळी येतात, एकाच वेळी जातात, म्हणून सवलत कमी धरायची. वाशीच्या एखाद्या छोट्या ऑफिसात टेबलामागे १५० वॅट, सगळे टेबल शंभर टक्के, एसी शंभर टक्के, आणि पॅन्ट्रीतल्या किटली-मायक्रोवेव्हला घरासारखंच स्वतंत्र सर्किट. प्रिंटरकडे दुर्लक्ष करू नका, लेझर प्रिंटर छापताना क्षणभर बराच करंट ओढतो, त्याला यूपीएसवर टाकू नये.

आरसीसीबी ३० मिलिअँपिअरचा हवाच. पण तेराच्या तेरा सर्किटं एका आरसीसीबीवर घेतली की पावसाळ्यात बाल्कनीतल्या एका ओल्या सॉकेटपायी घरभर अंधार होतो. निदान दोन घ्या. एकावर बाथरूम, वॉशिंग मशीन, बाल्कनी, दुसऱ्यावर बाकीचं. थ्री फेज असेल तर प्रत्येक फेजला एक.

प्लास्टर व्हायच्या आधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, झिरीत पाइप दिसतील असा, शेजारी मोजपट्टी धरून. कुठल्या पाइपात किती सर्किटं गेली ते तेव्हाच मोजता येतं. वायरी ओढताना इन्सुलेशनवर छापलेलं माप वाचा, बिलात चार लिहून अडीच ओढलेली सापडते. डीबीच्या झाकणाच्या आत प्रत्येक एमसीबीसमोर खोली, वायरचं माप आणि फेज लिहून घ्या. पेन्सिलने नको, मार्करने. आणि वायरमनचं शेवटचं पेमेंट हे लिहून झाल्यावर करा.